‘इम्प्लांट सीलबंद येतं, मग जंतू कुठून?’

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज सांगतो: स्तनाचं इम्प्लांट निर्जंतुक असतं, त्यामुळे जंतूंचा प्रश्न नाही, स्तन कडक झाला तर शरीराने इम्प्लांट नाकारलं, लाली-सूज आली तर आठवडाभर अँटिबायोटिक पुरे.

पाकीट निर्जंतुक असतं, हे खरं. पण जंतू बहुधा रुग्णाच्याच त्वचेवरून आणि दूधनलिकांतून येतात: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. म्हणूनच निपल चिकट ड्रेसिंगने झाकतात, छेद शक्यतो स्तनाखालच्या घडीत घेतात, त्याआधी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक देतात आणि इम्प्लांटला हात लावण्याआधी ग्लोव्हज बदलतात.

नाकारण्याचा मुद्दा तर चुकीचाच. हे किडनी प्रत्यारोपणासारखं नाही. इम्प्लांटभोवती प्रत्येकीच्या शरीरात पातळ आवरण तयार होतं. काहींत ते जाड होऊन आवळतं. हे आवळणं बेकर श्रेणीत 1 ते 4 असं मोजतात: 3 मध्ये स्तन कडक होऊन आकार बिघडतो, 4 मध्ये दुखतोही. अशा आवरणांत जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, अनेकदा सापडतो. ताप नाही, पू नाही. साकळलेलं रक्तही कारण ठरतं, त्यामुळे सगळं खापर जंतूंवर फोडू नये.

आठवडाभराच्या गोळ्यांचा सल्ला सर्वांत घातक आहे. वरवरची लाली औषधाने जाईलही, पण बायोफिल्ममधल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. इम्प्लांटभोवती पू असेल तर बहुतेक वेळा ते काढावंच लागतं. नवं काही महिन्यांनी.

त्यात कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, ‘नो ग्रोथ’ (काही वाढलं नाही) रिपोर्ट फसवतो. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा पाण्या-मातीतला जंतू. त्याचा संसर्ग ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतो: टाक्यांतून पाणी झिरपत राहतं, नेहमीच्या गोळ्यांनी थांबत नाही. साधं कल्चर दोन-तीन दिवसांत संपवतात, याला आठवडाही लागू शकतो. टीबीच्या नेहमीच्या औषधांनाही तो दाद देत नाही. म्हणून नुसता स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, नको. द्रव सिरिंजमध्ये घेऊन एएफबी स्टेन (या गटातले जंतू रंगवून दाखवणारी तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर मागा. सिंहस्थ असला तरी जखम पूर्ण भरेपर्यंत रामकुंडात डुबकी नको.

वर्ष उलटल्यावर एकाच बाजूला अचानक सूज आली तर मात्र अँटिबायोटिकवर वेळ घालवू नका. सोनोग्राफी करून द्रव सायटॉलॉजी (पेशींची तपासणी) आणि सीडी30 (या लिम्फोमाच्या पेशींवरची खूण) साठी पाठवा. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, असा दिसतो. त्यामुळेच जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली खरबरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली. या लिम्फोमात जंतूंचा हात किती, हे अजून सिद्ध झालेलं नाही.