‘लर्पाक टाकून द्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ब्रिटनमधल्या लोण्याबद्दलचा एक मेसेज अजून फिरतोच आहे. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. आर्ला ही दुग्धकंपनी गायींना ‘बोव्हेअर’ नावाचं रसायन चारते, ते दुधातून लोण्यात उतरतं, त्याने पुरुषांना वंध्यत्व येतं आणि कॅन्सर होतो, अमेरिकी सरकारच्या कागदातच हे लिहिलेलं आहे, आणि या सगळ्यामागे बिल गेट्स आहेत. म्हणून लर्पाक, अँकर, क्रेव्हनडेल या आर्लाच्या ब्रँडांवर बहिष्कार. सोबत कोणीतरी सिंकमध्ये दूध ओतून देतानाचा व्हिडिओ.

मूळ घटना एवढीच: २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस आर्लाने जाहीर केलं की टेस्को, मॉरिसन्स आणि अल्डी या दुकानसाखळ्यांच्या साथीने ब्रिटनमधल्या सुमारे ३० गोठ्यांवर बोव्हेअरची चाचणी घेणार. बोव्हेअर हे डीएसएम-फर्मेनिश या कंपनीचं पशुखाद्यात मिसळायचं उत्पादन. गायीच्या ढेकरांतून बाहेर पडणारा मिथेन कमी करणं हे त्याचं काम. दुभत्या गायींमध्ये ही घट साधारण ३० टक्के धरली जाते. जाहीर झाल्यापासून काही दिवसांत बहिष्काराची लाट आली आणि तिच्या फेसाबरोबर वरचे सगळे दावे वाहत आले. एकेक घेऊ.

“रसायन दुधातून लोण्यात उतरतं.”

बोव्हेअरमधला मुख्य घटक ३-नायट्रॉक्सीप्रोपेनॉल, म्हणजे ३-एनओपी. गायीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, चारा आंबतो तेव्हा हायड्रोजन तयार होतो. तिथे राहणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरून मिथेन बनवतात. या साखळीच्या शेवटच्या पायरीवर एक विकर (एन्झाइम) लागतं आणि त्याच्या गाभ्यात निकेलचा अणू असतो. ३-एनओपी नेमकं तिथे जाऊन बसतं, निकेलची अवस्था बदलतं आणि विकर बंद पाडतं. हे करताना ते स्वतःही मोडतं. उरतं ते नायट्रेट, नायट्राइट आणि प्रोपेनडायॉल, आणि तेही पुढे पचनात वापरलं जातं. परिणाम काही तासांपुरताच टिकतो, म्हणून तर ते प्रत्येक घासाबरोबर मिसळून द्यावं लागतं. एकदा देऊन महिनाभर चाललं असतं तर कंपनीला आणि शेतकऱ्याला दोघांनाही हवंच होतं.

सांगितलेल्या मात्रेत दिल्यावर दुधात ३-एनओपी मोजण्याजोगं सापडत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये ग्राहकाला काळजीचं कारण नसल्याचं मत दिलं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनेही बहिष्काराच्या गदारोळात, डिसेंबर २०२४ मध्ये तेच सांगितलं: गाय ते पचवून टाकते, दुधात ते येत नाही.

लोण्याबद्दल आणखी एक. लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. चरबीत विरघळणारी काही कीटकनाशकं लोण्यात जास्त सापडू शकतात, कारण वीसेक लिटर दुधातली चरबी एका किलोत गोळा होते. ३-एनओपी हा पाण्यात विरघळणारा छोटा रेणू आहे. समजा चुकूनमाकून अंश आलाच, तरी त्याची वाट ताकाकडे. बहिष्कारवाल्यांनी नेमका तोच पदार्थ निवडला जिथे हे रसायन साठण्याची शक्यता सर्वांत कमी. असो.

“अमेरिकेच्या एफडीएनेच लिहिलंय: पुरुषांच्या प्रजननक्षमतेला धोका.”

हा या फॉरवर्डमधला सर्वांत मजबूत दिसणारा मुद्दा, कारण तो खोटा नाही. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, मे २०२४ मध्ये बोव्हेअरचा आढावा पूर्ण केला. त्या कागदात खरोखरच इशारा आहे की हे उत्पादन पुरुषांच्या प्रजननक्षमतेला आणि जननेंद्रियांना हानी करू शकतं, श्वासातून गेल्यास अपायकारक ठरू शकतं, त्वचा आणि डोळ्यांची आग करतं. स्क्रीनशॉट खरा आहे. फक्त तो इशारा कोणासाठी आहे ते कापून टाकलेलं असतं.

इशारा आहे पोतं फोडून पावडर चारा मिसळायच्या मिक्सरमध्ये ओतणाऱ्या माणसासाठी. त्याच्या नाकातोंडात ती शुद्ध स्वरूपात जाऊ शकते, म्हणून हातमोजे, चष्मा, मास्क. युरोपीय प्राधिकरणाच्या मतातही कामगाराबद्दल वेगळी ओळ आहे: ३-एनओपीचा जनुकांवर परिणाम होतो का हे पुरतं स्पष्ट झालेलं नाही, त्यामुळे श्वासातून जाणं हा जादा धोका मानावा. त्याच दस्तऐवजात ग्राहकाच्या बाबतीत चिंता नाही असं लिहिलं आहे. एक ओळ उचलायची आणि दुसरी गाळायची, याला तपास म्हणत नाहीत.

आता कॅन्सर. उंदरांवरच्या दोन वर्षांच्या अभ्यासात सर्वाधिक मात्रेच्या गटातल्या काही माद्यांमध्ये गाठी दिसल्या, हेही खरं. ती मात्रा किती होती ते पाहा: शरीराच्या दर किलोमागे रोज ३०० मिलिग्रॅम. दुभती गाय दिवसाला कोरड्या वजनाने २० किलोच्या आसपास चारा खाते आणि दर किलोला ६० ते ८० मिलिग्रॅम ३-एनओपी मिसळतात, म्हणजे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम. सहा-साडेसहाशे किलोच्या गायीला हे वजनाच्या किलोमागे दोन-अडीच मिलिग्रॅम पडतं. उंदरांची मात्रा गायीच्या शंभरपटीहून जास्त. ७० किलोच्या माणसाला ती गाठायची तर रोज २१ ग्रॅम शुद्ध ३-एनओपी गिळावं लागेल, साधारण पंधरा गायींचा दिवसभराचा पूर्ण डोस, तोही गायीच्या पोटातून न जाता थेट, आणि वर्षानुवर्षं. पोळीवर लावलेल्या लोण्याशी याचा संबंध कुठून जोडणार?

या निमित्ताने बोव्हेअर बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीलाही एक टोला. “दिवसाला गायीमागे फक्त पाव चमचा” हे तिचं आवडतं वाक्य. पण बाजारात येणाऱ्या पावडरीत ३-एनओपी फक्त १० टक्के असतं. दीड ग्रॅम घटकासाठी पंधरा ग्रॅम पावडर लागते. पाव चमचा हा हिशेब फक्त मूळ घटकाचा आहे, गोठ्यात ओतल्या जाणाऱ्या मालाचा नव्हे. सुरक्षिततेला याने फरक पडत नाही, पण आकडे गोंडस करून सांगितले की लोकांना वास येतोच.

“त्यात सिलिका आणि प्रोपिलीन ग्लायकॉल आहे!”

आहे. उरलेली ९० टक्के पावडर मुख्यतः तीच. दोन्ही माणसांच्या खाण्यातही परवानगी असलेले पदार्थ आहेत, अनुक्रमे ई ५५१ आणि ई १५२०. मीठ-मसाल्यांच्या पावडरीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून सिलिका घालतात. पुढे.

“यामागे बिल गेट्स.”

गेट्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या फंडाने पैसे गुंतवले ते रुमिनएट या ऑस्ट्रेलियन कंपनीत, २०२३ मध्ये. तीही मिथेन कमी करण्याच्या खाद्यावर काम करते, पण वेगळ्या रसायनावर. बोव्हेअरशी गेट्स यांचा संबंध नसल्याचं डीएसएम-फर्मेनिशने आणि आर्लाने सांगितलं आहे. दोन बातम्या एकमेकींत मिसळल्या, एवढंच.

“कसलीही तपासणी न करता लोकांवर प्रयोग.”

ब्राझील आणि चिलीने २०२१ मध्ये परवानगी दिली, युरोपीय संघाने २०२२ मध्ये, ब्रिटनने डिसेंबर २०२३ मध्ये, कॅनडा आणि अमेरिकेने २०२४ मध्ये. ब्रिटनमधली चाचणी ही “खाऊन बघा, काय होतं ते” अशी नव्हती. परवानगी मिळालेलं उत्पादन रोजच्या गोठ्यात वापरणं जमतं का, एवढंच तिच्यात पाहायचं होतं. टीकाकारांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे: नियामक जी माहिती तपासतात ती बहुतांशी अर्जदार कंपनीनेच सादर केलेली असते, आणि विद्यापीठांतल्या अनेक चाचण्यांनाही कंपनीचा निधी असतो. पशुखाद्यच काय, औषधांच्या मंजुरीतही हीच पद्धत आहे. तिच्यावर टीका जरूर करा, पण मग ती सगळ्याच मंजुऱ्यांना लागू होते.

ब्रिटिश माणूस “सरकार म्हणतं सुरक्षित आहे” या वाक्याला का दचकतो, तेही समजून घ्यायला हवं. गायींना मांस आणि हाडांचा चुरा चारण्यातून मॅड काऊ रोग पसरला. तो चारा रवंथ करणाऱ्या जनावरांना देण्यावर १९८८ मध्ये बंदी आली. १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊ केला, गोमांस निर्धोक आहे हे दाखवायला. मार्च १९९६ मध्ये आरोग्यमंत्र्यांना संसदेत सांगावं लागलं की माणसांतल्या जीवघेण्या मेंदूरोगाशी त्याचा संबंध असण्याची दाट शक्यता आहे. पुढे त्या देशात पावणेदोनशेहून जास्त माणसं त्या रोगाने गेली. ज्यांनी हे पाहिलं ते पशुखाद्याबद्दल प्रश्न विचारणारच, आणि त्यांना मूर्ख म्हणणारे पत्रकार तेव्हा कुठे होते असा माझा प्रश्न आहे. फरक एवढाच की तेव्हा धोक्याचा वाहक मांसातच टिकून राहत होता आणि शिजवूनही मरत नव्हता. इथला रेणू कोठीपोटातच मोडतो.

“गायींना त्रास होतो.”

फॉरवर्डमध्ये हा मुद्दा शेवटी, घाईघाईत येतो. माझ्या मते पहिला यायला हवा होता, कारण इथे खरोखर बोलण्यासारखं काही आहे.

“ढेकर अडवली की गाय फुगून मरते” हे चूक. ढेकर अडत नाही, तिच्यातला मिथेन कमी होतो. न वापरलेला हायड्रोजन काही प्रमाणात वायू म्हणून बाहेर पडतो, काही इतर आम्लं बनण्याकडे वळतो. पण २०२१ च्या त्याच युरोपीय मतात एक वाक्य आहे जे फॉरवर्ड करणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही: सांगितलेल्या कमाल मात्रेत दुभत्या गायींना सुरक्षित, परंतु त्यापलीकडे किती मोकळीक आहे हे ठरवता आलं नाही, म्हणून इतर जनावरांबद्दल निष्कर्ष देता येत नाही. म्हणजे मिक्सरमध्ये माप चुकलं, एका गायीच्या वाट्याला दुप्पट आलं, तर काय, याचं ठाम उत्तर त्या कागदात नव्हतं.

डेन्मार्कने २०२५ पासून ५० पेक्षा जास्त गायी असलेल्या बिगरसेंद्रिय गोठ्यांना मिथेन कमी करण्याची सक्ती केली. एक तर वर्षात ८० दिवस बोव्हेअर द्या, नाहीतर चाऱ्यात जादा चरबी द्या. अनेक शेतकऱ्यांनी शेवटपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि वर्ष संपायला ८० दिवस उरतात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या शरद ऋतूत तक्रारींचा ओघ सुरू झाला: ताप, जुलाब, खाणं कमी, दूध घटलं, काही गायी बसल्या त्या उठल्याच नाहीत. आजारी जनावरांना ते देणं थांबवायची मुभा तिथल्या प्रशासनाने दिली, चौकशी सुरू झाली. इतके गोठे एकदम एकाच पंधरवड्यात काहीतरी सुरू करतात, तेव्हा त्या पंधरवड्यातलं प्रत्येक दुखणं त्याच्याच खात्यावर जातं हे खरं. पण रोज धार काढणारा माणूस आपली गाय ओळखतो, आणि त्याच्या तक्रारीला “सोशल मीडियाची अफवा” म्हणून झटकणं हा फॉरवर्डइतकाच आळशीपणा आहे.

मग लोणी कोणतं घ्यायचं? अंशाच्या भीतीने ब्रँड बदलायचं कारण मला दिसत नाही. पण गायीच्या प्रकृतीसाठी, किंवा निव्वळ “मला हे नको” म्हणून कोणी नकार देत असेल तर तो त्याचा हक्क आहे, आणि अडचण अशी की तो बजावायला पाकिटावर काहीच लिहिलेलं नसतं. गायीने कोणतं खाद्य-मिश्रण खाल्लं हे दुधाच्या लेबलवर सांगणं ब्रिटनमध्ये बंधनकारक नाही. टँकर अनेक गोठ्यांचं दूध एकत्र नेतो, डेअरीत ते आणखी मिसळतं, त्यामुळे लोण्याची वडी कुठल्या गोठ्यांची हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.

उपाय दोनच. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेलं लोणी, कारण सेंद्रिय नियमांत ३-एनओपीला परवानगी नाही. किंवा ‘पाश्चर फॉर लाइफ’ सारखं पूर्ण कुरणावर पोसलेल्या जनावरांचं प्रमाणपत्र. चरणाऱ्या गायीला दर घासाबरोबर पावडर देणं तसंही जमत नाही, ती गोठ्यातल्या मिश्र चाऱ्यातच घालता येते. दोन्ही महाग पडतात. ते परवडत नसेल तर आपल्या डेअरीच्या ग्राहक विभागाला एकच प्रश्न लिहून पाठवा: तुम्ही गोळा करता त्यातल्या किती गोठ्यांवर सध्या बोव्हेअर दिलं जातं? उत्तरात “आमचं दूध सुरक्षित आहे” एवढंच आलं, तर आकडा पुन्हा मागा.