भिंतीपलीकडची सरकी

मागच्या हंगामात माझ्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढायच्या कारखान्याच्या, आवारात सरकीचा अख्खा ढीग भिजला. अवकाळी आला, ताडपत्र्या कमी पडल्या, हे खरंच. पण इतकी सरकी पडून होतीच कशाला? भिंतीला भिंत लागून असलेल्या तेल मिलचा एक्स्पेलर, म्हणजे सरकी दाबून तेल काढायचं मशीन, चार दिवसांपासून बंद होता. माल उचलत नाहीत म्हणजे भाव पाडायला थांबलेत, असं मी धरून चाललो आणि ताणून बसलो. तिकडे त्यांना वाटलं, मी तेजीची वाट बघतोय!

तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर चटका बसला. ओली सरकी आतून तापते, तेलाची आम्लता चढते, मग भाव पडतोच.

एक्स्पेलर बंद असल्याचं दोन्ही गेटांमधल्या चहावाल्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं. हमालांना माहीत होतं. अडाणी होते ते फक्त दोन मालक. नंतर विचारलं तर शेजारी म्हणतो, "सांगतलं असतं भाऊ, पण मंग तुम्ही सरकी दुसऱ्याले देली असती."

एक क्विंटल कापसातून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते 33-34 किलो, बाकी बहुतेक सरकीच. म्हणजे रुईच्या जवळपास दुप्पट माल रोज भिंतीपलीकडे जायला हवा, आणि त्याचा हिशेब दोन मुनीमांच्या डोक्यात! कस्तुरी कॉटन या भारतीय कापसाच्या ब्रँडच्या गठाणीवर क्यूआर कोड आहे. दूर बसलेला सूतगिरणीवाला तो स्कॅन करून माल कुठला ते बघतो. इथे पन्नास पावलांवर काय चाललंय ते आपल्याला कळत नाही.

डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचं छोटं गाव आहे. 1972 साली तिथल्या रिफायनरीचा जादा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्ड कारखान्यानं घेतला. पुढे वीज केंद्राची वाफ औषध कारखान्याला जाऊ लागली. सरकारी योजना नव्हती ती. दोघा-दोघांचे करार होत गेले. पण तुझ्याकडे काय उरतं आणि मला काय लागतं, हे आधी एकमेकांना सांगावं लागलंच ना?

यंदा आम्ही चौघा मालकांनी मोबाईलवर एक गूगल शीट केली. किती सरकी पडून आहे, कोणतं मशीन बंद, कधी सुरू होणार, गाड्या किती लागतील. बस. भावाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. एकाला हवा होता, मी अडून बसलो. आपल्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस महामंडळच आठवतं, पण स्पर्धा आयोगही सीसीआयच, आणि धंदेवाल्यांनी मिळून भाव ठरवणं 2002 च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. शिवाय भाव आला की खोटंही आलंच.

तसं आताही शीटवर सगळं खरं नसतं. एकाचे आकडे कायम शून्यावर संपतात. एक जण रात्री दहानंतर भरतो, तोवर गाड्या लागून गेलेल्या. मुनीमजींना अजून वाटतं, मी घरातली तिजोरी अंगणात आणून ठेवली.

काल मात्र तेल मिलच्या रकान्यात पहिल्यांदाच दिसलं: "बेअरिंग गेलं, परवा सुरू." सकाळी मी दोन गाड्या दुसऱ्या मिलकडे वळवल्या. शेजारच्या तेल मिलवाल्यांना फोन करून, सांगून. पलीकडे जरा वेळ आवाजच नाही.

मग म्हणाले, "बरं. परवाच्या गाड्या माह्या."