रोजचा व्हिडिओ कॉल पुरत नाही

परदेशी गेलेल्यांनी घरच्यांशी रोज बोललं, ध्यान केलं की ताण हलका होतो, असं लेखात म्हटलंय. घरच्यांचा आधार मोठा, मान्यच. पण ताण येतो कुठून? अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बहुतेकांना गाशा गुंडाळावा लागतो. ग्रीन कार्डाची रांग तर भारतीयांसाठी वर्षानुवर्षांची. प्राणायामाने ती पुढे सरकत नाही.

माझी भाचेसून पुण्यात दातांची डॉक्टर होती, आता अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्या नवऱ्याच्या जोडीने मिळणाऱ्या व्हिसावर, घरी बसून आहे. कोथरूडहून तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या नणंदबाई, रोज फोन लावतात. मी तिच्याकडे राहिले तेव्हा बघितलं, फोन वाजला की ती सोफ्यावरचे कपडे बाजूला सारते, केस बांधते आणि मगच कॅमेरा लावते. "सगळं छान आहे हो आई." लेकरू तापाने फणफणलं तेव्हा उपयोगी पडली ती खालच्या मजल्यावरची तेलुगू शेजारीण. भात घेऊन आली आणि रात्री उशिरापर्यंत बसली.

कोहेन आणि विल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच मांडलं होतं की आधार गरजेशी जुळला तर तो ताणाचा मारा झेलतो. म्हणून इथल्या आईवडिलांना कळकळीने सांगते, "गोड बातमी कधी?" हे विचारणं आधी थांबवा; त्याने आधार मिळत नाही, ताणच वाढतो.

लेखकांना विनंती, तिथे मराठी बोलणारे समुपदेशक कसे शोधायचे, विम्यातून खर्च कितपत निघतो, यावर सविस्तर लिहा.