लेंग्याची चांदणी

मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, लेंगे पट्ट्यापट्ट्यांचे, पांढऱ्यावर निळी लाइन. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते मीच शिवते. पट्टा उभा धरायचा, नाडा ओवायचा, विषय संपला.

यंदा पुण्याच्या लेकीला सातवा महिना लागला आणि बाळाचं दुपटं आबांच्या, म्हणजे मामाजींच्याच, कपड्याचं पाहिजे म्हणून तिने हट्ट धरला. इथवर ठीकच होतं. तान्ह्या पोराला नवं कापड टोचतं. आज्याच्या धोतरात आणि आजीच्या लुगड्यात गुंडाळलेली आमच्याकडची पोरं पुढे सरपंचसुद्धा झाली. पण मागोमाग मोबाइलवर फोटो आला. चांदणीचा! 'सॉटूथ स्टार' म्हणे, म्हणजे करवतीच्या दात्यांची. तिकडे अमेरिकेतल्या बाया गोधडीत शिवतात. "आई, या टोकांना आबांच्या लेंग्याचे पट्टे लाव. तुला काय, एका दुपारचं काम."

दारात कापसाची वेचणी, घरात तुरीच्या शेंगा, आणि माझी एक दुपार.

जुना लेंगा उसवला. बसायच्या जागी विरलेला, गुडघ्यावर पातळ. धड कापड काय ते पोटरीखाली. चांदणी 12 इंचांची, तुकडे 17. मधला चौकोन, चार कोपरे, चार मोठे त्रिकोण आणि त्यांना दोन्हीकडून बिलगणारे आठ लहान त्रिकोण. हीच ती टोकं. त्यांच्यासाठी 3 इंच 7 सुतांचे (इंचाला 8 सूत) चार चौकोन कापायचे आणि प्रत्येकाचे तिरपे दोन करायचे. शिवणीत जाणारी माया 2 सूत. ब्लाउजला मी इंचभर माया ठेवते, कारण बाई पुढच्या दिवाळीपर्यंत किती भरेल याचा भरवसा नाही. चांदणीच्या अंगावर मांस चढत नाही, तिला 2 सूत पुरे.

मी हे खडूने आखत असतानाच दारातून आवाज आला, "सूनबाई, माया लेंगा?"

"2 सूत," मी म्हटलं.

मामाजी थोडा वेळ उभे राहिले आणि आंघोळ न करताच परत गेले. आमच्याकडे 'माझा'चाही 'माया' होतो, हे मागाहून ध्यानात आलं.

तिरपा छेद म्हणजे 45 अंश. आमच्याकडे 45 अंश म्हटलं की मे महिना आठवतो, पण हे 45 त्याहून वाईट. तिरपं कापलेलं कापड म्हणजे उरेब. हात लावला की ताणतं, इस्त्री फिरवली की लांबतं. भाताच्या पेजेची खळ दिली तेव्हा कुठे ताठ बसलं. आठही टोकं जोडली, इस्त्री केली आणि चांदणी खाटेवर पसरली.

चार टोकांचे पट्टे उभे, चारांचे आडवे. अर्धी चांदणी शाळेच्या प्रार्थनेला उभी, अर्धी जेवून लवंडलेली.

वाटलं, जोडताना तुकडे फिरले असतील. उसवलं. फिरवून पाहिलं, उलटसुलट मांडून पाहिलं. डावं टोक नीट बसलं की उजवं लवंडे, उजवं उठवलं की डावं लवंडे. साध्या कापडाच्या त्रिकोणाला काही कळत नाही, तो कुठेही बसतो. पट्टेवाल्याला डावा हात आणि उजवा हात असतो. एकाच दिशेने कापलेले माझे आठही त्रिकोण एकाच हाताचे होते. त्यातला उचलून समोरच्या बाजूला बसवायला गेलं की आकार जुळतो आणि पट्टा आडवा होतो.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा सोलता सोलता बघत होत्या. "वाकय (गोधडी) शिवून राह्यली का शेताचा नकाशा काढून राह्यली वं? उलटे टाक ना ते तुकडे!"

बोलणं बरोबर होतं. पट्टे विणीतले असते तर कापड दोन्हीकडून सारखं दिसलं असतं आणि काम तिथेच भागलं असतं. पण हे छापील. चार तुकडे उलटे लावले तर ती टोकं फिकट पडली. अर्धी चांदणी शुक्ल पक्षातली, अर्धी कृष्ण पक्षातली. पुन्हा उसवलं.

तेवढ्यात लाइन गेली. अंधारात बसल्या बसल्या एका पोरीच्या ब्लाउजची आठवण झाली. शिकाऊ असताना मी तिला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. तेव्हापासून बाही कापायची ती कापड समोरासमोर दुमडूनच. वरचा थर डाव्या हाताचा, खालचा उजव्या. एवढी वर्षं रोज हेच करते आहे, आणि इथे चारही चौकोन एकाच तोंडाने रचून कात्री चालवली! दोन चौकोन छापाशी छाप लावून ठेवायचे आणि मग तिरपे कापायचे, इतकंच तर होतं.

शेतीची लाइन रात्रीची, म्हणून हे हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले होते. हातात बॅटरी आणि काठी, कारण टिपेश्वरचं वाघांचं जंगल लांब नाही. दारात थांबून त्यांनी बॅटरी माझ्या चांदणीवर मारली. "अवं, वाघाचे डाव्या कुशीचे पट्टे उजवीशी जुळत नाहीत. म्हनून तर वनखातं वाटेच्या दोन्ही बाजूनं कॅमेरे लावते. त्याले कोनी उसवून राह्यलं का?"

मी म्हटलं, वाघाला तुमच्या लेकीचा फोन येत नाही.

सकाळी समोरासमोर ठेवून कापलं, आणि टोकं अशी बसली की मीच दोनदा दाराशी जाऊन लांबून पाहून आले. फक्त एवढ्या उसवाउसवीत आणि कापाकापीत कापड तीनच चौकोनांचं उरलं होतं. लागतात चार. चांदणीला दोन टोकं कमी. शिवाय 36 इंचांच्या दुपट्याला अशा 9 चांदण्या लागतात.

मामाजींकडे आता दोन लेंगे आहेत, एक अंगावर आणि एक तारेवर. दोन दिवसांपासून त्यांनी खाट तारेखाली ओढून घेतली आहे. विचारलं तर ऊन खातो म्हणतात. संध्याकाळी वाळलेल्या लेंग्याची घडी करतात आणि उशाला घेतात. काल नातीला स्वतःहून फोन लावून विचारत होते, "पोराले चांदनीच पायजे काय वं? चंद्र नाही का चालनार?"