पाठमोऱ्या पक्ष्यांचा फोटोग्राफर

माझ्याकडे पक्ष्यांच्या पाठींचा जो संग्रह आहे ना, तसा फार कमी लोकांकडे असेल. बुलबुलाची पाठ, दयाळाची पाठ, झुडपात शिरणाऱ्या भारद्वाजाची पाठ, तांबटाची पाठ. तांबट पाठीकडून हिरवा, भोवतीची पानं पण हिरवी, त्यामुळे या फोटोत तांबट आहे हे मला तोंडाने सांगावं लागतं आणि बघणाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवायचा. लोकांना वाटतं मी मुद्दाम मागून फोटो काढतो. मी समोरूनच काढायला जातो हो, पक्षी वळतो. आपण लांबून वळसा घालून त्याच्या तोंडाकडे जावं तर तो परत वळतो. घुबडाच्या बाबतीत तर वळसा घालण्यात काही अर्थच नाही, कारण ते बसल्या जागी मान 270 अंशांपर्यंत फिरवतं, म्हणजे तुम्ही कुठूनही या, तुम्ही त्याला दिसणारच, आणि तुम्हाला तोंड दाखवायचं की पाठ ते घुबड ठरवणार.

या छंदाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे यात म्हणे फार शांतता असते. "निसर्गात जाता, मन किती शांत होत असेल नाही?" असं कोणी विचारलं की मी नुसता हसतो. अहो, त्या वेळी डोक्यात काय चाललेलं असतं माहितीये का, उजेड किती, वारा कुठून, शटर किती, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) कुठपर्यंत गेला, पक्ष्याच्या डोळ्यावर आडवी आलेली ती काडी हलेल का, माझा डावा पाय कधीचा झोपलाय तो हलवू का, हलवला तर हा उडेल का, मानेवरून जे चाललंय ती मुंगी आहे की दुसरं काही, आणि दुसरं काही असेल तर ते आत्ता चावेल की फोटो झाल्यावर. याला शांतता म्हणायचं तर म्हणा.

त्यात उजेडाचं गणित मुळातच आपल्या विरोधात मांडलेलं आहे. सूर्य नुकता वर आला की तिरपा, मऊ उजेड मिळतो, पक्ष्याच्या डोळ्यात तो चमकीचा बारीक ठिपका येतो, तो नसला तर जिवंत पक्षी पण पेंढा भरलेला दिसतो. म्हणून आपण अंधारात उठून, अंधारात चालून, अंधारात दगडावर बसतो. पण तो उजेड सुंदर असला तरी असतो किती, तर चिमूटभर, आणि उडत्या पक्ष्याचे पंख नीट गोठवायचे तर शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं. मग आयएसओ चढवा, तो चढवला की फोटोत दाणे आले. दाणे नको असतील तर मोठ्या छिद्राची लेन्स घ्या, 600 एमएम एफ/4 वगैरे, तिचं वजन 3 किलोच्या आसपास, ती थोडा वेळ हातात धरली की हात थरथरतात, हात थरथरले की शटर अजून वाढवा, आणि शटर वाढवलं की परत तो आयएसओ. कोणी म्हणतं छोट्या लेन्सला टेलिकन्व्हर्टर लाव की, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं मोठं करून दाखवणारं भिंग. लावतो. 1.4 चा लावला तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड गेला, 2 चा लावला तर दोन, म्हणजे पक्षी मोठा होतो आणि सकाळची परत पहाट होते.

बरं, ऊन वर आल्यावर तरी सुटका व्हावी. तर तेव्हा जमीन तापते, गरम हवा हलायला लागते आणि लांबचा पक्षी लाटा मारायला लागतो, कितीही भारी लेन्स लावा, पिसं काही उमटत नाहीत कारण बिघाड लेन्समध्ये नाहीच, मधल्या हवेत आहे. आणि एव्हाना निम्मे पक्षी सावलीत गेलेले असतात. थोडक्यात काय, पक्षी असतो तेव्हा उजेड नसतो, उजेड असतो तेव्हा पक्षी नसतो, आणि दोन्ही असतात तेव्हा मध्ये फांदी असते.

बगळा आणि कोतवाल या दोघांनी तर कॅमेरा बनवणाऱ्यांचा अपमान करायचं ठरवून घेतलेलं असावं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची समजूत अशी की जग सरासरी करड्या रंगाचं आहे. गडद पाण्यात पांढरा बगळा उभा असला की कॅमेरा म्हणतो अरे इथे फारच अंधार दिसतोय, आणि उजेड वाढवतो, मग बगळ्याची सगळी पिसं जळून एक पांढरा डाग उरतो. आभाळासमोर तारेवर कोतवाल बसला की बरोबर उलटं, कॅमेरा उजेड कमी करतो आणि कोतवालाच्या जागी दुभंगलेल्या शेपटीचं काळं भोक दिसतं. म्हणजे कॅमेऱ्याचा अंदाज आपण हाताने सुधारायचा ते कॉम्पेन्सेशन बगळ्याला वजामध्ये, कोतवालाला अधिकमध्ये. ज्या दिवशी कोतवाल बगळ्याला खेटून बसेल त्या दिवशी मी कॅमेरा बंद करून दोघांना नमस्कार करणार आहे.

आता लपण्याबद्दल. पानापानांचे शर्ट मिळतात, तशीच टोपी, लेन्सलाही तसंच जाकीट. हे सगळं अंगावर चढवलं की आपल्याला वाटतं आपण झुडूप झालो. पण दिवसा फिरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीन, आणि बऱ्याच पक्ष्यांना अतिनील प्रकाशसुद्धा दिसतो. टिटवीला जे दिसतं ते एवढंच की इथे काल झुडूप नव्हतं, आज आहे, आणि ते शिंकतंय. मग ती जी ओरडत सुटते ती पाणवठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना खबर देऊनच थांबते. तुम्ही बदकांसाठी गेलेले असता, टिटवीशी तुमचं काही देणंघेणं नसतं, पण तिचं तुमच्याशी असतं.

लपण्याच्या बाबतीत इंग्लंडच्या किअर्टन बंधूंच्या पुढे मात्र कोणी गेलं नसेल. रिचर्ड आणि चेरी, दोघे भाऊ. पक्षी माणसाला बघून उडतात, गुराढोरांना बघून उडत नाहीत, एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि 1900 च्या सुमारास त्यांनी लाकडी सांगाड्यावर खऱ्या बैलाचं कातडं चढवून पोकळ बैल बनवला, आत कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे माणूस. पक्ष्यांचं जाऊ दे, मला यात आजूबाजूच्या खऱ्या बैलांची काळजी वाटते. आपला एक जातभाई सकाळपासून उभा आहे, चरत नाही, रवंथ करत नाही, आणि मध्येच त्याच्या पोटातून खटकन आवाज येतोय.

त्याच्या आधीचा एक फ्रेंच शास्त्रज्ञ, एतिएन-ज्यूल मारे. याने 1882 मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, सेकंदाला 12 फोटो काढणारा, उडताना पंख नेमके कसे हलतात ते बघायला. इटलीत नेपल्सजवळ पोझिलिपोला तो ही बंदूक घेऊन फिरायचा, पक्ष्यांवर नेम धरायचा आणि एकही पक्षी न पाडता खुशीत घरी जायचा, त्यामुळे तिथले लोक त्याला पोझिलिपोचा वेडा म्हणायचे असं सांगतात. एवढी वर्षं झाली, कॅमेरे कुठल्या कुठे गेले, लोकांचं मत मात्र आहे तिथेच आहे.

कारण तुम्ही कितीही आडबाजूला जाऊन बसा, पक्षी जवळ आला, श्वास रोखला, बोट बटणावर गेलं की मागून आवाज येणारच, "काका, काय दिसलं?" आता जे दिसत होतं ते या प्रश्नाबरोबर उडालेलं असतं, त्यामुळे "काही नाही" हेच उत्तर खरं असतं. मग पुढचा प्रश्न, "वाघबिघ आहे काय इकडे?" समोर गुडघाभर पाणी आणि चार पाणकावळे. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. "मग एवढा मोठा कॅमेरा कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढे मागे असलं तर कळवीन.

खंड्याचं सांगतो. छोटा खंड्या, मूठभर जीव, पाण्यावर वाकलेल्या बोरूच्या दांड्यावर येऊन बसलेला, आणि खालची चोच लालसर, म्हणजे मादी. मी आधीपासून आडवा पडलेलो, कोपर चिखलात, लेन्स पिशवीवर टेकलेली, आणि नशीब असं की तोंड माझ्याकडे! पहिल्यांदा ऑटोफोकसने दांडा पकडला. ऑटोफोकसला दांडे फार आवडतात. त्याची समजूत घालून डोळ्यावर आणला. ती मान खालीवर करायला लागली, ते मासा किती खोल आहे त्याचा अंदाज घ्यायला करतात. मग शेपटी उचलून तिने पांढरी पिचकारी सोडली. तुम्हाला घाण वाटेल पण आमच्यासाठी ही सगळ्यात मोठी खूण आहे, बरेच पक्षी उडायच्या आधी पोट हलकं करून घेतात, म्हणजे आता कधीही. मी बटण दाबलं. कॅमेरा सेकंदाला 20 फोटो काढतो, मिनिटाला 1200 चा हिशोब झाला, पण हिशोब कागदावर, कारण बफर नावाची एक गोष्ट असते, फोटो कार्डावर जाईपर्यंत जिथे साठतात ती छोटी जागा. ती बसूनच. मी दाबलेलंच. परत मान खालीवर. मी दाबलेलंच. बफर भरला, कॅमेरा थबकला, आणि ती गेली. कॅमेऱ्याला परत शुद्ध आली तेव्हा पाण्यावर वर्तुळं उठलेली होती. वर्तुळांचा फोटो उत्तम आलाय, एकेक कड मोजून घ्या.

दोन क्षणांत ती मासा घेऊन त्याच दांड्यावर परत, आणि यावेळी पाठ माझ्याकडे. मासा दांड्यावर आपटला, पुन्हा आपटला, डोकं पुढे राहील असा चोचीत फिरवला (शेपटीकडून गिळला तर खवले आणि पर घशात अडकतात) आणि गिळून टाकला, सगळं माझ्याकडे पाठ करून. पण खरं सांगू का, खंड्याच्या बाबतीत पाठच बघण्यासारखी असते. तो निळा रंग म्हणजे पिसांत निळं रंगद्रव्य नसतं, पिसांच्या आतल्या बारीक रचनेमुळे उजेड असा विखुरतो की निळा दिसतो, आणि ती जरा हलली की तो निळा पण हलतो. संग्रहातली सगळ्यात चांगली पाठ तीच आहे.

वेडा राघू त्या मानाने देवमाणूस. हवेत झेप घेऊन माशी पकडतो आणि परत त्याच काडीवर, आपण काडीवर फोकस लावून ठेवायचा आणि वाट बघायची. तोंडही दाखवतो, मधमाशी काडीवर घासून तिची नांगी काढतानाचा कार्यक्रम पण करतो. पण इतकं सोपं असल्यामुळे तो फोटो सगळ्यांकडे असतो, आणि दाखवायला गेलं की समोरचा आपला वेडा राघू काढून दाखवतो.

काही जण मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. मला ते अजिबात पटत नाही, बिचारा हद्दीत दुसरा नर घुसला समजून सगळी कामं सोडून भांडायला येतो आणि समोर एक स्पीकर. घरट्याजवळ तर जाऊच नये, त्यांच्या दृष्टीने आपण पिल्लं खायला आलेलो असतो आणि ते तसंच वागतात. एरिक हॉस्किंग हे केवढे नावाजलेले पक्षी-छायाचित्रकार, 1937 मध्ये वेल्समध्ये घरट्याजवळच्या एका घुबडाने रात्री त्यांच्या तोंडावर झडप घातली आणि डावा डोळा गेला. त्यानंतरही त्यांनी कितीतरी दशकं पक्ष्यांचेच फोटो काढले, म्हणजे हे व्यसन कुठल्या थराचं आहे बघा.

आणि खरं काम तर घरी आल्यावर सुरू होतं. शेकडो फोटो उतरवायचे, एकेक पूर्ण मोठा करून फक्त डोळा बघायचा, डोळा शार्प नाही, डिलीट, डोळा मिटलेला, डिलीट, डोळा शार्प आहे पण चोच फ्रेमच्या बाहेर, जरा विचार करून डिलीट. घरचे मागून जाता जाता म्हणतात, "अरे सगळे सारखेच तर आहेत, एक ठेव ना." पण कुठला एक?

परवा एक बारका तपकिरी पक्षी मिळाला, चक्क समोरून. पक्षी ओळखण्यात मुरलेला एक मित्र आहे, मोठ्या आशेने त्याला नेऊन दाखवला. त्याने मोठा करून बघितला, बारीक करून बघितला. "वटवट्या आहे कुठलातरी. पाय काय रंगाचे होते?"
"पाय काडीमागे होते."
"आवाज ऐकलास?"
"शटरचा ऐकला."
"मग कठीण आहे रे, या वटवट्यांत फार बारीक फरक असतात, आणि फोकस पण याच्यावर नाहीये तुझा." असं म्हणून तो बराच वेळ पुढच्या काडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाभूळ मात्र आहे. शंभर टक्के."