डॅश दिसला की एआय? हे फॉरवर्ड थांबवा

'एआयने लिहिलेलं ओळखायच्या चार खुणा' हे फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर आधी मामांनी टाकलं, मग दोन मावश्यांनी. खुणा अशा: वाक्यात लांब डॅश असतो, शुद्धलेखनाची एकही चूक नसते, 'डेल्व्ह' (खोलात शिरणे) यासारखे इंग्रजी शब्द येतात, आणि खात्री करायची तर मजकूर डिटेक्टरमध्ये, म्हणजे एआयचं लिखाण ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, तो ९९ टक्के अचूक सांगतो. मी गप्प बसले होते. पण मागच्या महिन्यात भाचीचा इंग्रजी निबंध कॉलेजातून परत आला, वर लाल पेनाने '८७% एआय'. तो तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, दोन रात्री खोडून खोडून लिहिला होता. माझ्या डोळ्यांदेखत.

आधी डिटेक्टरचं बोलू, खरं नुकसान तोच करतोय. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. ९१ पैकी ८९ निबंधांवर निदान एका तरी डिटेक्टरने बोट ठेवलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण सरळ आहे. पुढचा शब्द सहज ओळखता येईल असं लिखाण डिटेक्टरला यंत्राचं वाटतं, आणि शिकून इंग्रजी लिहिणारा माणूस ओळखीचेच शब्द, घोटलेलीच वाक्यं वापरतो. मराठी माध्यमातून आलेली पोरगी यात अडकणारच! खुद्द चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने आपला डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. मग हे ९९ टक्के आणले कुठून?

डॅशला आपण शाळेत अपसारण चिन्ह म्हणत होतो. इंग्रज कोशकार मेजर कँडींनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत विरामचिन्हं रूढ केली. आणि शुद्धलेखन? मुद्रितं तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. 'आणि'ची वेलांटी पहिली काढणाऱ्याला शाबासकी द्यायची सोडून त्याच्यावर संशय घ्यायचा?

'डेल्व्ह'चं मान्य करावं लागेल. २०२४ मधल्या वैद्यक-जीवशास्त्राच्या शोधनिबंधांपैकी किमान १३.५ टक्क्यांच्या सारांशांवरून एआयचा हात फिरल्याचा अंदाज अशाच शब्दांवरून निघाला आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना तर यूट्यूबवरच्या व्याख्यानांतही हे शब्द वाढलेले आढळले. पण हे लाखो मजकुरांच्या ढिगात मोजलेलं आहे. शिवाय तोच शब्द माणसांच्या तोंडी बसला असेल, तर एका मुलीच्या वहीत तो सापडून काय सिद्ध होतं?

भाचीने निबंध पुन्हा दिला. 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमधले ई आणि आय मुद्दाम उलटे केले, दोन ठिकाणी 'द' गाळला, तिला आवडलेलं एक लांब वाक्य तोडून तीन केली. आकडा १२ टक्क्यांवर आला आणि निबंध घेतला गेला. मामा, हे त्या फॉरवर्डखाली तुम्हीच टाका.