पाणी आमच्याकडे शंभरला उकळत नाही

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडच्या शाळा सुटल्या आणि फोनवर समर कॅम्पच्या जाहिराती सुरू झाल्या. दोन वर्षांपूर्वी मीही लेकीला अशा एका शिबिराला घातलं होतं. पाच दिवसांनी ती पुठ्ठ्याचा ज्वालामुखी घेऊन घरी आली. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फसफसून वर येणारा फेस. दिसायला छानच होतं. मी विचारलं, सोडा दुप्पट घातला तर फेस दुप्पट येईल काय? ती म्हणाली, "पप्पा, आम्हाला एकदाच बघायला मिळालं. सोडा सरांनीच घातला."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतो, बावीस वर्षं झाली. नजरेला अगदी बरोबर वाटणारा जॉब (लेथवर घडवलेला भाग) व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला की रिजेक्ट होतो, हे रोज बघतो. म्हणून मला मनापासून वाटतं, सुट्टीत पोरांच्या हातात महागाचं किट देण्यापेक्षा एक फूटपट्टी, एक थर्मामीटर आणि एक वजनकाटा द्या. प्रयोगाच्या आधी प्रत्येकाचा अंदाज कागदावर लिहून घ्या. आणि उत्तर आपल्याला माहीत असलं तरी सांगू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे.

आमच्या घरात सुरुवात उकळत्या पाण्यापासून झाली. प्रयोगशाळेत असतो तसला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणला. (तापाचा थर्मामीटर यात अजिबात घालू नका, तो फुटेल.) लेकीनं आणि निपाणीहून आलेल्या भाच्यानं दोघांनीही कागदावर १०० लिहिलं. पुस्तकात तेच आहे. पातेल्यात पाणी खळखळा उकळायला लागलं, लाल रेघ वर चढली आणि साडेसत्त्याण्णवच्या आसपास थांबली. गॅस मोठा केला, तरी हलेना.

"मामा, थर्मामीटर खराब आहे," भाचा म्हणाला.

मला फार आनंद झाला, कारण कारखान्यात आम्हीही आधी मापावरच शंका घेतो. मग माप तपासायचं कसं? बर्फ फोडून वाटीत घेतला, वितळायला लागला तसा थर्मामीटर त्यात धरला. बरोबर शून्य. म्हणजे माप ठीक होतं. आता दोघं खरेच अडकले. दोन दिवस घरात तोच विषय. पाण्यात क्षार आहेत म्हणून असेल, म्हणून फिल्टरचं पाणी उकळून बघितलं. तेवढंच. मी गप्प राहिलो.

पुढे मे महिन्यात कारवारला लग्न होतं. थर्मामीटर बॅगेत घातला. तिथे पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात पाणी जवळजवळ शंभराला उकळलं. लेक माझ्याकडे बघत म्हणाली, "घाट उतरलो म्हणून?" होय, घाट उतरलो म्हणून. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं, दर तीनशे मीटरला अंदाजे एक अंश. पुस्तक चुकलेलं नाही, ते समुद्रसपाटीचं बोलतं. तो एक शब्द मुलं वगळून पाठ करतात आणि आपणही वगळून शिकवतो.

दुसरा प्रयोग माठाचा. खानापूरच्या मातीचे दोन सारखे लहान माठ घेतले आणि एकाला बाहेरून ऑइल पेंट दिला. दोन्हीत एकाच कळशीतलं पाणी, दोन्ही पडवीत. सकाळी वजन, संध्याकाळी वजन. दुसऱ्या दुपारी पडवीत ३४ अंश होतं. साध्या माठातलं पाणी २६ आणि रंगवलेल्यातलं ३२. वजन फक्त साध्या माठाचं घटलं, सव्वातीनशे ग्रॅम. "पाणी गेलं कुठं?" यावर पोरांनी फरशी पुसून बघितली, माठ गळतोय का म्हणून.

एक ग्रॅम पाणी एक अंशानं गार करायला एक कॅलरी उष्णता काढावी लागते. तेच एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातं. थोडं पाणी उडतं आणि बाकीचं सगळं गार करतं. लेकीला शाळेत याचं इंग्रजी नाव स्पेलिंगसकट येत होतं, पण घाम वाळताना गार का वाटतं ते सांगता येत नव्हतं. माठानंतर तिनं ते आजीला मराठीत, हातवारे करून सांगितलं. आपल्या भागात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांची मुलं असतात. माझं म्हणणं एवढंच, की मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्याला प्रयोग बोलू द्या. शाळेतला शब्द नंतर आपोआप बसतो.

हळदीच्या पाण्यात चुना टाकून लाल करणं, लिंबू पिळून परत पिवळं करणं, कच्च्या आणि पिकल्या केळ्यावर आयोडीनचा थेंब टाकून काळंनिळं कुठलं जास्त होतं ते बघणं, ही एकेका दुपारची कामं. वळीव आला तर सरळ बाजूंचा डबा गच्चीवर ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. आमची गच्ची साठ चौरस मीटरची. गेल्या वर्षी एका वळवात डब्यात बारा मिलिमीटर भरलं, म्हणजे ७२० लिटर. राकसकोप आणि हिडकल धरणांच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात हा आकडा ऐकून आई पण थबकली. वीज चमकताना मात्र कोणी गच्चीवर नको. आत बसून चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.

आता ज्यासाठी आज लिहितोय ते. ३ आणि ४ मे रोजी, दुपारी साडेबाराच्या आसपास, बेळगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. खानापूरला ३ मे, निपाणीला ५ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४ मेला. ऑगस्टच्या ८-९ तारखेला हेच पुन्हा होतं, पण आपल्याकडे तेव्हा झड लागलेली असते. त्यामुळे आपल्याला ही मेचीच संधी.

गेल्या वर्षी मी एक धातूचा बार लेथवर दोन्ही टोकं सपाट करून बरोबर १०० सेंटिमीटरचा केला. गच्चीवर पाणसळ आणि गुणिया लावून उभा केला. शेजारचा मुलगा घरी कन्नड बोलतो, तो दर पाच मिनिटांनी खडूनं खूण करत "नेरळु, नेरळु" (सावली, सावली) ओरडत होता. आई खालून विचारत होती, "काय करुलालात रे उन्हात?" साडेबाराला बारच्या बुडाशी काहीच उरलं नाही. चौघं पोरं एकदम गप्प झाली.

त्याच वेळी पुण्यात माझी भाची वाळूच्या बादलीत शंभर सेंटिमीटरचा पाइप ओळंब्यात उभा करून बसली होती. तिची सगळ्यात लहान सावली साडेचार सेंटिमीटर. पुणे आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला, नकाशावर सुमारे ३०० किलोमीटर. दोन्ही काठ्या पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेल्या, सूर्यकिरण मात्र समांतर. म्हणून सावली आणि काठी यांचं जे प्रमाण, तेच दोन गावांतलं अंतर आणि पृथ्वीची त्रिज्या यांचं. मग साधं त्रैराशिक: साडेचारला शंभर, तर तीनशेला किती? ६,६६७ किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या! पुस्तकात ६,३७१. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये सावलीवरूनच पृथ्वीचा घेर काढला होता. सातवीतल्या मुलांनी गच्चीवर आणि बाल्कनीत पृथ्वी मोजली आणि पाच टक्क्यांच्या आत आली. त्या दुपारी ती जेवायला बसेनात.

यंदा मुंबईची मावसबहीणही काठी लावणार आहे. पुण्यापेक्षा मुंबईची सावली मोठी की लहान, आणि किती, याचे अंदाज पोरांनी चिठ्ठ्यांवर लिहून पत्र्याच्या डब्यात बंद केलेत. डबा ४ मेच्या दुपारी उघडणार. तुमचं कोणी सोलापूरला, नाशकाला असेल तर त्यांनाही एक काठी उभी करायला सांगा आणि आकडा मला कळवा. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त जमिनीकडे.